सांगलीची हळद जॉर्जियात उतरते तेव्हा: आयात शुल्क आणि करांचा पायरीपायरीने हिशेब

"तिकडे ड्युटी किती लागते?" जॉर्जियाला माल पाठवायचं मनात आलं की प्रत्येक जण मला हेच आधी विचारतो. मग तो वाशीच्या मसाला मार्केटमधला व्यापारी असो, नाहीतर सांगलीतला हळदीचा कारखानदार. प्रश्न रास्त आहे, पण जॉर्जियाच्या बाबतीत तो पहिला नाही. तिथे आयात शुल्काचे दर मुळातच कमी आहेत. तुमच्या खरेदीदाराला घाम फुटतो तो १८ टक्के व्हॅट रोखीने भरताना, आणि कागदांचा मेळ बसत नाही म्हणून माल बंदरात अडकतो तेव्हा. म्हणून दर कशावरून ठरतो हे सांगेनच, पण जास्त वेळ घेणार आहे तो हा दर कशावर लागतो आणि शेवटी कोणाच्या खिशातून जातो, यासाठी.

जॉर्जिया काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला देश. लोकसंख्या ४० लाखांहून थोडी कमी, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. १९९९ पासून तो युरोप परिषदेचा सदस्य आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. चलन लारी. बाजार लहान आहे, पण पलीकडच्या आर्मेनिया आणि अझरबैजानकडे जाणारा बराच माल याच देशातून जातो. त्यामुळे तिथल्या कस्टम्सला मालाच्या कागदांचा दांडगा सराव आहे आणि चूक त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

पायरी १: मालाचा कोड आधी, दर नंतर

२००६ मध्ये जॉर्जियाने आयात शुल्काचे १६ वेगवेगळे दर मोडीत काढून तीनच ठेवले: ०, ५ आणि १२ टक्के. बहुतेक वस्तू शून्यात येतात. ५ आणि १२ टक्क्यांत मुख्यतः शेतमाल, खाद्यपदार्थ आणि देशात तयार होणारं काही बांधकाम साहित्य सापडतं. दारूसारख्या काही मोजक्या वस्तूंवर टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रक्कम लागते. दारू, तंबाखू, इंधन आणि मोटारी यांच्यावर अबकारी कर वेगळा. मसाल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

आपला माल तीनपैकी कुठे बसतो हे एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून ठरतं. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. हळदीचे सहा आकडे ०९१० ३०. आपल्याकडे त्यापुढे ओली हळद, सुकी हळद आणि हळद पूड यांना वेगवेगळे आकडे आहेत. ते आपल्या शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रात बरोबर, पण जॉर्जियाच्या घोषणापत्रात चालतीलच असं नाही. म्हणून खरेदीदाराला इनव्हॉइसवर सहाच आकडे द्या आणि पुढचे त्याचं कस्टम्सचं काम पाहणाऱ्या ब्रोकरला भरू द्या.

घोटाळा होतो तो मिश्रणात. नुसती हळद एका जागी, दोन-तीन मसाले एकत्र केलेली पूड ०९१० ९१ मध्ये, आणि त्यात मीठ, साखर, तेल घालून भाजीसाठी तयार मसाला केला की कोड थेट २१०३ मध्ये जाऊ शकतो. पाकिटावर तुम्ही काय छापलंय यापेक्षा आत काय किती आहे हे पाहिलं जातं. असा तयार मसाला पहिल्यांदा पाठवत असाल तर घटकांची टक्केवारी लिहिलेलं पत्रक सोबत द्याच. शंका असेल तर खरेदीदार तिथल्या महसूल सेवेकडे अर्ज करून कोडबद्दलचा निर्णय आगाऊ लेखी मागू शकतो. वेळ जातो, पण वर्षभर तोच माल पाठवायचा असेल तर हा कागद सोन्याच्या मोलाचा.

पायरी २: माल कुठला, हे नीट ठरवा

जॉर्जियाचे मुक्त व्यापार करार बरेच आहेत. तुर्कस्तानशी २००८ पासून, युरोपीय संघाशी २०१४ पासून, चीनशी २०१८ पासून, शिवाय जुन्या सोव्हिएत देशांपैकी अनेकांशी. या देशांतला माल बहुतांशी बिनशुल्क आत जातो. भारताशी तसा करार नाही. त्यामुळे आपल्या मालाला वरच्या तीन दरांपैकी जो लागू असेल तो पूर्ण लागतो.

इथे मला हमखास एक युक्ती सुचवली जाते: "माल आधी इस्तंबूलला पाठवू, तिथून जॉर्जियाला, म्हणजे ड्युटी शून्य." असं होत नाही. शुल्क ठरतं ते माल कुठून निघाला यावर नाही, तो कुठे पिकला किंवा तयार झाला यावर. सांगलीच्या हळदीची गोणी तुर्कस्तानात फोडून छोट्या पाकिटांत भरली तरी ती भारतीयच राहते, कारण नुसतं पॅकिंग बदलल्याने मूळ देश बदलत नाही. असा खोटा दाखला जोडला तर सवलत तर जाईलच, खरेदीदाराला दंडही बसेल आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक कंटेनरकडे संशयाने पाहिलं जाईल. आपल्याकडून डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरून साधा, सवलतीविना मूळ देशाचा दाखला काढायचा आणि तोच द्यायचा.

पायरी ३: कर कोणत्या किमतीवर लागतो

कारखान्यातल्या भावावर नाही, आणि न्हावा शेवाला बोटीवर चढवेपर्यंतच्या एफओबी किमतीवरही नाही. जॉर्जियाच्या सीमेपर्यंत पोचवायचं भाडं आणि विमा धरून जी किंमत होते, तीवर. म्हणजे आपल्या भाषेत सीआयएफ.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बोटीचं भाडं वाढलं की तिथला करही वाढतो. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर सुएझ कालवा आणि बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून काळ्या समुद्रावरच्या जॉर्जियाच्या पोती बंदरात उतरतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, तेव्हा भाडी चढली. ज्यांनी जुन्या भाड्यावर कराचा अंदाज देऊन ठेवला होता, त्यांच्या खरेदीदारांचा हिशेब दोन्हीकडून कोलमडला.

विकून पैसे घेतलेला माल असो वा फुकट दिलेला नमुना, किंमत लिहावीच लागते. इनव्हॉइसवर "नमुना, किंमत शून्य" लिहिलं की कस्टम्स आपल्या पद्धतीने किंमत ठरवतं. त्यासाठी तशाच मालाच्या आधीच्या आयातींचे भाव त्यांच्या नोंदीत असतात. भाव मुद्दाम कमी लिहिला तरी हेच होतं. शिवाय बँकेतून आलेली रक्कम आणि इनव्हॉइस यांचा मेळ तिकडेही तपासला जातो आणि इकडेही. खरी किंमत लिहा. यात मी कोणालाही मधला मार्ग सांगत नाही.

पायरी ४: प्रत्यक्ष हिशेब

समजा १० टन सुकी हळद आहे, २५ किलोच्या ४०० गोण्या. एफओबी किंमत २०,००० डॉलर, बोटीचं भाडं ३,०००, विमा १००. सीआयएफ झाली २३,१०० डॉलर. घोषणापत्र दाखल होईल त्या दिवसाचा सरकारी विनिमय दर लागतो. आपण हिशेबापुरता १ डॉलर = २.७० लारी धरू. म्हणजे करपात्र किंमत ६२,३७० लारी.

क्रम असा: आधी सीआयएफवर आयात शुल्क. मग सीआयएफ अधिक शुल्क या बेरजेवर १८ टक्के व्हॅट. म्हणजे शुल्कावरही व्हॅट.

- दर ० टक्के: शुल्क नाही. व्हॅट ११,२२६.६० लारी. एकूण ११,२२६.६०.
- दर ५ टक्के: शुल्क ३,११८.५०. व्हॅट ११,७८७.९३. एकूण १४,९०६.४३.
- दर १२ टक्के: शुल्क ७,४८४.४०. व्हॅट १२,५७३.७९. एकूण २०,०५८.१९.

घाईत अंदाज द्यायचा असेल तर सीआयएफवरचा एकूण भार तीन दरांना अनुक्रमे १८, २३.९ आणि ३२.१६ टक्के पडतो. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. भाडं २,००० डॉलरने वाढलं तर ५,४०० लारींची भर पडते, आणि १२ टक्क्यांच्या मालावर तिच्यापायी आणखी १,७३६.६४ लारी कर.

याखेरीज कस्टम्सचं सेवाशुल्क, बंदरातला हाताळणीचा खर्च, ब्रोकरची फी आणि प्रयोगशाळेची तपासणी असते. हे कर नव्हेत, पण खरेदीदाराच्या खर्चात धरावेच लागतात. त्याच्याकडून ब्रोकरचं लेखी कोटेशन मागवा.

पायरी ५: व्हॅट नक्की कोण सोसतं

इथे दोन खरेदीदार वेगळे पडतात, आणि भाव ठरवताना हे न विचारणारे निर्यातदार मी फार पाहिले.

जॉर्जियात सलग १२ महिन्यांत १,००,००० लारींपेक्षा जास्त करपात्र उलाढाल झाली की व्हॅटची नोंदणी सक्तीची होते. नोंदणी असलेला घाऊक व्यापारी सीमेवर भरलेला व्हॅट पुढे विक्रीवरच्या व्हॅटमधून वळता करून घेतो. आपल्या जीएसटीच्या इनपुट क्रेडिटसारखंच. त्याचा खरा खर्च फक्त शुल्काचा. ५ टक्क्यांच्या उदाहरणात त्याला हळद किलोमागे साधारण ६.५५ लारीला पडते. मात्र ११,७८७ लारी त्याला आधी रोख भरावे लागतात आणि माल विकेपर्यंत ते अडकतात. म्हणून तो तुमच्याकडे उधारीचे दिवस मागतो. त्याची नड खोटी नसते.

दुसरा खरेदीदार म्हणजे छोटं भारतीय किराणा दुकान किंवा हॉटेल, व्हॅटची नोंदणी नसलेलं. नोंदणी नाही म्हणून आयातीवरचा व्हॅट चुकत नाही, तो भरावाच लागतो. फक्त वळता करून घेता येत नाही. त्याला तीच हळद ७.७३ लारीला पडते. एकाच भावाच्या दोन कोटेशनांपैकी एक चालतं आणि दुसरं महाग वाटतं, ते यामुळे.

आणि डीडीपीवर, म्हणजे "तिथले सगळे कर भरून दारात पोच" या अटीवर, पहिल्याच सौद्यात सही करू नका. तो व्हॅट तुम्ही भराल, पण जॉर्जियात तुमची नोंदणी नसेल तर परत मिळवण्याचा रस्ता तुमच्याकडे नसेल. एफओबी किंवा सीआयएफवर थांबा, आयातदार म्हणून खरेदीदाराचंच नाव राहू द्या. खरेदीदार आर्मेनियाचा असेल तर पोतीत उतरून पुढे जाणाऱ्या मालावर जॉर्जियाचा कर लागत नाही, तो ट्रान्झिटच्या कागदांवर जातो. कंटेनरच्या कागदांवर अंतिम ठिकाण येरेव्हान (आर्मेनियाची राजधानी) असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, एवढंच.

पायरी ६: हळद असेल तर शिशाची तपासणी

हा भाग कराचा नाही, तरीही मी तो वगळू शकत नाही. २०१८ मध्ये जॉर्जियात युनिसेफच्या मदतीने झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २ ते ७ वर्षांच्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. ४१ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं. कारणांचा माग काढता काढता तपास स्वयंपाकघरातल्या मसाल्यांपर्यंत पोचला. झेंडूच्या जातीच्या फुलांची पिवळी पूड तिथल्या रोजच्या जेवणात असते. तिच्यासह काही मसाल्यांत शिसं सापडलं. सरकारने तपासण्या कडक केल्या.

आता विचार करा, अशा देशात तुम्ही पिवळ्या रंगाची पूड घेऊन जाताय. आपल्या उपखंडातही हळद चमकदार दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग चोपडण्याचे प्रकार उघड झाले आहेत. खरेदीदाराने विचारो न विचारो, प्रत्येक लॉटचा शिशाचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढा. जॉर्जिया आपले अन्नकायदे युरोपीय संघाच्या धर्तीवर आणतोय, म्हणून मी सगळ्यांना संघाचीच मर्यादा गाठायला सांगतो: मुळं आणि कंदांपासूनच्या मसाल्यांत किलोला १.५ मिलिग्रॅम. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाने माल विकायचा असेल तर लहान मुलांच्या पोटात काय जाणार आहे याची हमी आपल्याकडे असायलाच हवी. पॉलिशच्या ड्रममधून निघालेली हळद नको तितकी पिवळीजर्द दिसली, हाताला रंग सुटला, तर तो लॉट बाजूला ठेवा.

पायरी ७: कागद, एकमेकांशी जुळणारे

आपल्या बाजूला लागतात: आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक), बंदरात नोंदवलेला एडी कोड (आपल्या बँकेचा क्रमांक), जीएसटी न भरता निर्यातीसाठी एलयूटी हे हमीपत्र, मसाला निर्यातीसाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी, शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), मूळ देशाचा दाखला, वनस्पती संगरोध विभागाचा फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचा) दाखला आणि प्रयोगशाळेचा अहवाल. यादी कोणीही देईल. जुळणी कोणी करत नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ४०० गोण्यांचा लॉट होता. प्रयोगशाळेसाठी नमुना काढताना कामगारांनी एक अख्खी गोणी फोडली आणि ती परत लॉटमध्ये घातली नाही. फायटोसॅनिटरी दाखला निघाला ३९९ गोण्यांचा, ९,९७५ किलोचा. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मी आधीच छापून ठेवली होती, ४०० गोण्या, १०,००० किलो. २५ किलोंचा फरक. बोट निघून गेल्यावर तो लक्षात आला. तिकडे माल अडला, दुरुस्त कागद मागवले गेले, आणि तोवर बंदराचं भाडं दिवसागणिक चढत राहिलं. तेव्हापासून शेवटची गोणी कंटेनरमध्ये चढून सील लागल्याशिवाय मी इनव्हॉइसची अंतिम प्रत काढत नाही. गोण्यांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन, लॉट क्रमांक आणि मालाचं वर्णन, या पाच गोष्टी प्रत्येक कागदावर बोटाने ओळ धरून तपासा. वर्णनात नुसतं "मसाले" लिहू नका. "सुकी हळद, अख्खी कांडी, पॉलिश केलेली" असं लिहा.

किरकोळ विक्रीची पाकिटं असतील तर जॉर्जियन भाषेतलं लेबल लागतं. मजकूर खरेदीदाराकडून लिहून घ्या. ती लिपी आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा लेबलचा तयार मसुदा छपाईआधी त्याला फोटो काढून पाठवाच.

पायरी ८: माल उतरल्यावर

खरेदीदाराचा ब्रोकर महसूल सेवेच्या संगणक प्रणालीत घोषणापत्र भरतो. प्रणाली जोखीम पाहून रंग देते. हिरवा मिळाला तर माल सुटला. पिवळ्यात कागद तपासतात. लाल असेल तर कंटेनर उघडून माल पाहतात. निळ्यात माल सोडतात आणि हिशेब नंतर तपासतात. तिथले व्यापारी क्लिअरन्सच्या आवाराला "गेझी" म्हणतात. "माल गेझीत आहे" असा निरोप आला की समजायचं, कस्टम्सच्या ताब्यात आहे, हरवलेला नाही. पहिल्या खेपेला लाल किंवा पिवळा येईल असंच गृहीत धरा आणि तेवढे दिवस करारात ठेवा. त्या दिवसांत फोनवर हजर राहा. ब्रोकरने मागितलेला कागद त्याच दिवशी गेला पाहिजे. जॉर्जियाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तेव्हा त्यांची दुपार म्हणजे आपली कामाची वेळ संपत आलेली असते.

मुलांना पार्सल पाठवणाऱ्या पालकांसाठी

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मेडिकलला असलेल्या आपल्या मुलांच्या घरूनही मला फोन येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. व्यापारासाठी नसलेल्या टपाली पार्सलला ३०० लारी आणि ३० किलोपर्यंत आयात शुल्क व व्हॅट माफ अशी तिथली मर्यादा आहे. वरच्याच दराने पाहिलं तर ३०० लारी म्हणजे साधारण १११ डॉलर. पाठवण्याच्या आठवड्यात मुलांना ही मर्यादा एकदा तिथे विचारून घ्यायला सांगा. भेट म्हणून पाठवलंय असं लिहिल्याने किंमत शून्य होत नाही, खरी किंमत लिहा. चकल्या, चटण्या, गोडा मसाला, नवे कपडे आणि जुना लॅपटॉप हे सगळं एकाच खोक्यात कोंबलं की लॅपटॉपमुळे मर्यादा ओलांडते आणि चकल्यांसकट सगळ्याचा हिशेब होतो. लॅपटॉप मुलांनी विमानाने जाताना सोबत न्यावा.

आणि औषधं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या पार्सलमध्ये घालू नका. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहज मिळणारी काही औषधं जॉर्जियात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात आणि तो कायदा कडक आहे. पार्सलवर नाव मुलाचं असतं, चौकशीही त्याचीच होते. खोकला झाला तर तिथल्याच डॉक्टरला दाखवायला सांगा.